मंडपाचं तोंड कुणीकडं?

“हाकला! अरे हाकला त्याला! कुणीतरी दगड मारा रे!”

हे ओरडणारा मी होतो, बबन. तुझ्या दशक्रियेला, घोडनदीच्या काठावर, दोन हजार माणसांसमोर, हातात चालू माइक असताना. आणि हाकला म्हणत होतो ते कावळ्याला.

पिंड ठेवून भटजींचा हात अजून मागंसुद्धा आला नव्हता. तेवढ्यात तो पलीकडच्या बाभळीवरून सुटला तो थेट भातावर. कोंबड्याएवढा कावळा. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, “सुटला गं बाई” म्हणाल्या. पुढाऱ्यांनी घड्याळं बघितली. सगळ्यांच्या तोंडावर समाधान पसरलं आणि मी एकटा उपरणं गरगर फिरवत पिंडाकडं धावत सुटलो. तुझ्या मेव्हण्यानं मागून कमरेला मिठी मारली.

“विलासराव, येड लागलं का तुम्हाला? शिवला की कावळा! आता काय त्याच्या चोचीतनं घास काढताय?”

(दोन हजार म्हणजे सातशे असतील. कावळाही कावळ्याएवढाच होता. तुझ्याशी बोलताना तरी इथून पुढं मोजून बोलायचं ठरवलंय. बघू किती ओळी टिकतं.)

मी दहा दिवस बेत रचला होता, बबन. निवेदक म्हणून तीनशे दशक्रिया मी उभ्यानं बघितल्यात. कावळा येत नाही, मग एकेक जण पुढं होतो. “तुमच्या पोरीचं लग्न थाटात करू.” “म्हातारीला अंतर देणार नाही.” तरी येत नाही. मग कुणीतरी मागचा, तोंड लपवून बसलेला, पुढं जाऊन काहीतरी पुटपुटतो आणि कावळा झडप घालतो. तो मागचा मी होणार होतो. सगळे थकले की मी वाकणार, जे पाच महिने पोटात धरलंय ते तुला सांगणार, आणि कावळा शिवला की तू माफ केलंस असं धरून चालणार. कावळा म्हणजे तुझी सही.

तू वाटच बघितली नाहीस.

भटजींना मी नंतर गाठलं. ते ओल्या पंचानं पाय पुसत होते. म्हटलं, “गुरुजी, माझं एक त्याच्याशी बोलायचं राहिलं हो.” ते म्हणाले, “त्याचं काही राहिलं न्हवतं म्हणून शिवला. तुमचं राहिलं असंल, तर त्याचा पिंड नसतो.” आणि पंचा पिळून निघून गेले.

आता बोल.

तीस वर्षं शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मंडप तुझा आणि आवाज माझा. तुझा आजा मेंढरं घेऊन हिंडायचा, चार दिवसांनी नवं पाल ठोकायचा. तू मंडप ठोकत हिंडलास. “धंदा त्योच हाय,” तू पंगतीकडं बघत म्हणायचास, “मेंढरं तेवढी बदलली.” एरवी तू इतका बोलत नसायचास. गिऱ्हाईक आलं, मग ते कुणीही असो, तुझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: मंडपाचं तोंड कुणीकडं?

या एका प्रश्नातून तुझी ती वही निघाली. निळ्या पुठ्ठ्याची, आडवी. एकेका धर्माला चार-चार पानं. तोंड, डोकं, पाय, पाणी, ताट, मयत, असे कप्पे. लोक धर्म पोथीतून शिकतात, तू शिडीवरून शिकलास. नमाजाला आपल्याकडनं तोंड पश्चिमेला, तिकडं मक्का म्हणून. ज्यू लोकांचंही पश्चिमेला, तिकडं जेरुसलेम म्हणून. हे कळलं त्या दिवशी तू नाक्यावरच्या चहावाल्यालासुद्धा बळंच ऐकवलं होतंस. गुरुद्वारात डोकं झाकायचं, चर्चमध्ये पुरुषानं टोपी काढायची. नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला पाणी, म्हणून मंडपाच्या कडेला नळ पाहिजे. जैनांचं जेवण सूर्य बुडायच्या आत, म्हणून त्या मंडपाला झगमगाट नको, सावली पाहिजे. बुद्धपौर्णिमेला खीर, लंगरला राजा असो की हमाल एकाच ओळीत जमिनीवर, आणि शिखांच्या ग्रंथसाहिबावर चांदवा बांधायचा तो आपल्या डोक्यापेक्षा उंच. प्रत्येक ओळीच्या शेवटी तू तीन शब्द लिहायचास: “विचारून घेतलं. बरोबर.” हे तीन शब्द नसले तर ती ओळ कच्ची.

आणि मी? मी स्टेजवर शेवटी हात वर करून म्हणायचो, “मित्रहो, सगळे धर्म एकच!” टाळ्यांनी मंडपाच्या कनाती फुगायच्या. तू खाली दोर आवळत असायचास, तुझं तोंड कारल्यासारखं व्हायचं. मग ट्रकमध्ये भांडण.

“एक न्हाईत, इलास. एक असते तर माझी वही एका पानात झाली असती.”

“अरे, शेवटी देव एकच ना?”

“जैन शेठ म्हंत्यात जग बनवणारा कुणी न्हाईच, ज्याचं त्यानं सुटायचं. बौद्धाचार्य म्हंत्यात आत्मा पन न्हाई. मौलाना म्हंत्यात जल्म एकच, मग निवाड्याचा दिवस. आपला भटजी म्हंतो पुन्यांदा ये, पुन्यांदा जा. पाळकसायेब म्हंत्यात देव स्वतः माणूस हून आला आन् आपल्यापायी मेला. ह्यात एक काय हाय, दाव मला.”

“माणुसकी!”

“ती मंडपाच्या भायेरची गोष्ट झाली. आत काय हाय ते इचार की! समदं एक हाय म्हणणाऱ्याला इचारायचा कंटाळा असतो बग.”

हे भांडण आपण चौफुल्यापासून शिरूरपर्यंत कितीतरी वेळा केलं आणि एकदाही संपवलं नाही. मला वाटायचं, संपवायची घाई काय आहे?

आणि दुसरा आपला खेळ म्हणजे माझ्या थापा. मी तुला सांगायचो की ज्यू लोक शनिवारी उन्हात चालत नाहीत, कारण सावली ओढणं हेही काम झालं. तू माझ्याकडं वळून बघायचास, गाडी रस्त्याच्या खाली जाईपर्यंत बघायचास, आणि डॅशबोर्डवर थाप मारून ओरडायचास, “थाप!” म्हणायचास, माझी डावी नाकपुडी फुगते. बायकोला तीस वर्षांत जे दिसलं नाही ते तुला दिसलं. तरी त्या आठवड्यात तू पुण्याला ताडपत्री आणायला गेलास तेव्हा तिथल्या एका ज्यू म्हाताऱ्याला विचारून आलास. “शनवारी काम करत न्हाईत, इस्तू पेटवत न्हाईत. सावलीबिवली काय न्हाई.” आणि वहीत लिहिलंस. माझ्या थापेमुळं तुझ्या वहीत एक खरी ओळ वाढायची. मला तर वाटायचं, मी त्या वहीचा अर्धा लेखक आहे.

आता टीचरबाईंचं.

दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या टीचर. शिरूरला शिक्षिका असताना तुला नापास पोरांच्या बाकावरून उठवून पहिल्या बाकावर बसवणाऱ्या. तू अक्षर घोटलंस ते त्यांच्यामुळं. त्या गेल्या तेव्हा तू त्यांच्या मुलाला फोन करून सांगितलंस, “मंडप माझा. ह्यात बोलायचं न्हाई.” चर्चमधली लग्नं आपण केली होती, नाताळचे कार्यक्रम केले होते. पण ख्रिश्चन मयताचा मंडप तुझा पहिला. मयताच्या घरी काय विचारायचं, म्हणून तू दुपारी बाराला मला फोन केलास.

मी पाबळला एका लग्नात होतो. अक्षता पडल्या होत्या, माइकवर गाणी चालू होती, मी बाजूला पाच-सहा जणांच्या घोळक्यात उभा राहून भाषणं ठोकत होतो. तुझं नाव दिसलं. म्हटलं, “थांबा, गंमत ऐकवतो.” आणि फोनचा स्पीकर चालू केला.

हे तुला माहीत नव्हतं, बबन. आपण दोघंच बोलतोय असं तुला वाटत होतं. आपल्यात आणखी सहा जण उभे होते.

“इलास, पेटी मधी ठेवायची, फुलं डोक्याकडं, हे कळलं. खुर्च्यांचं काय करत्यात रे? तोंड कुणीकडं?”

घोळका माझ्याकडं बघत होता. मी आवाज गंभीर केला. “उलट्या.”

“म्हंजी?”

“खुर्च्यांची पाठ पेटीकडं. मयत झालेल्याला लोकांच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं की त्याचा पाय निघत नाही, म्हणून त्याच्याकडं पाठ करून बसायचं. जुनी रीत आहे त्यांची.”

सहा जणांनी तोंडावर हात दाबले. मी थांबलो. वाट बघत होतो. आता तू ओरडशील, थाप! सहा जण हसतील, मी खरं सांगेन. पण फोनवर नाकपुडी दिसत नाही. तीस वर्षांत मी तुला समोरासमोर हजार थापा मारल्या होत्या, फोनवर ही पहिली.

तू म्हणालास, “चांगली रीत हाय रे. लिहून घेतो.” आणि फोन ठेवलास.

मी परत लावणार होतो. देवाशपथ लावणार होतो. आता कुठल्या देवाची शपथ घेऊ ते मात्र विचारू नकोस. पण घोळक्यानं पाठीवर थापा मारल्या, वरपित्यानं जेवायला ओढलं, मठ्ठा इतका झकास होता की तीन ग्लास झाले, आणि मी विसरलो. इतकंच. कुणाचा घात करायला माणसाला वैर लागतं असं मी समजत होतो. मठ्ठा पुरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दौंडला पोचलो तेव्हा कॉलनीच्या मैदानात पांढरा मंडप उभा होता. तुझ्या हातून इतका सुरेख मंडप मी पाहिला नव्हता. एक सुरकुती नाही. आणि त्याखाली दोनशे खुर्च्या, सुतात लावलेल्या, सगळ्यांची पाठ मधल्या चौथऱ्याकडं.

मला आधी हसू फुटलं. खोटं कशाला सांगू? फुटलं. तेवढ्यात टीचरबाईंचा मुलगा पेटीला खांदा देऊन दारातून बाहेर आला आणि ओरडला:

“ही काय थट्टा लावलीय? माझ्या आईकडं पाठ करून बसायचं आम्ही? कुणी सांगितलं हे?”

तू हात जोडून उभा. तुझी नजर एकदा माझ्याकडं आली. रागानं नाही, विचारायला आली. नेहमीसारखी. आणि मी माइक उचलला. तीन पावलं पुढं जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. आख्ख्या पुणे जिल्ह्यात ज्याच्या तोंडाला कुलूप लागत नाही असा मी, मी माइकमध्ये म्हणालो, “हॅलो. हॅलो, चेक.”

एवढंच बोललो.

तू मान खाली घातलीस. “चुकलं माजं,” म्हणालास. मग वाकून एकेक खुर्ची फिरवायला लागलास. कामगार पुढं आले तर “हात लावू नका” म्हणालास. पेटी दारात थांबली, माणसं उन्हात उभी राहिली, आणि तू दोनशे खुर्च्या एकट्यानं फिरवल्यास. प्रत्येक खुर्चीचा पाय जमिनीला टेकल्याचा आवाज मी ऐकला. मी मोजल्या नाहीत, तरी दोनशे हा आकडा मी फुगवलेला नाही.

त्यानंतर तू माझ्याशी भांडला असतास तर मी वाचलो असतो. कामं चालू होती, चहा चालू होता, ट्रकमध्ये शेजारी बसत होतो. फक्त तू मला काही विचारायचं बंद केलंस. मी थाप मारली तर “व्हय” म्हणायचास, रस्त्याकडं बघत. डॅशबोर्डवर हात पडला नाही. पाच महिन्यांत एकदाही नाही. मी रोज ठरवायचो, आज सांगू. आणि मग तू गेलास. दुपारी, ट्रकच्या फळीवर टेकून, दोराचं वेटोळं मांडीवर घेऊन.

दशक्रियेनंतर मी तुझ्यासारखा विचारत सुटलो. तुझी वही तुझ्या घरी, आणि तुझ्या घराचा उंबरा चढायची माझी छाती नव्हती. म्हणून वही नसलेला मी, दारोदार, एकच प्रश्न घेऊन: मेलेल्या माणसाची माफी कशी मिळते?

कासुर्डीच्या हायवेवरच्या सरदारजींकडं गेलो, ज्यांच्या उन्हाळ्यातल्या सरबताचा मंडप तू घालायचास. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यापुढं खरकट्या ग्लासांची टोपली ठेवली. “अरदास में हम रोज़ भूल-चूक की माफ़ी माँगते हैं. पर पहले हाथ चलाओ. ज़बान तुम्हारी बहुत चली है.” मी ग्लास घासले. शंभर घासले. चाळीस. हात गोरे झाले, आत काही हललं नाही.

शिरूरच्या जैन शेठजींकडं गेलो. ते म्हणाले, संवत्सरीला ते चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या सगळ्या जिवांची क्षमा मागतात. मी दुकानात उडीच मारली! म्हटलं, शेठ, म्हणजे बबन आता मुंगी असो की बैल, त्यात येणारच! शेठ हसले नाहीत. “ते ज्यांना आपण ओळखत नाही त्यांच्यासाठी, विलासभाऊ. ज्याला ओळखतो त्याच्या दारात जायचं असतं. तुम्ही पाच महिने त्याच्याच गाडीत बसला होता.”

बौद्धाचार्य दौंडचे, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी सांगितलं, कुणी कुणाला माफ करून कर्मातून सोडवत नसतं. त्याच्या नावानं चांगलं काम कर, ते पुण्य त्याला अर्पण कर. “आन् पंचशीलातलं चौथं शील तुम्हाला म्हाईत हाय का?” मला माहीत होतं. खोटं न बोलण्याचं. तुझ्या वहीतच वाचलं होतं.

तो पुण्याचा ज्यू म्हातारा मी शोधून काढला. म्हणाला, आमच्यात माणसाचा अपराध माणसानंच माफ करायचा, देव मधे पडत नाही. तो माणूस मेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि मोठ्यानं कबूल करायचं. मी म्हटलं, आजोबा, माणसं दहा काय, सातशे होती. पण आमचा माणूस राख होऊन घोडनदीतून भीमेत गेला, मी कुठल्या पाण्यापाशी उभा राहू? त्यानं माझा हात थोपटला.

दौंडचे मौलाना सर्वांत कडक. “अल्लाहचं तुम्ही काही चुकवलं असेल तर तो रहीम आहे. पण बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क त्या बंद्यानंच सोडायचा. तो गेलाय, तर त्याच्यासाठी दुवा करा. आणि ज्या मजलिसमध्ये त्याची मान खाली गेली, त्याच मजलिसमध्ये उभे राहून खरं सांगा.”

बघ, बबन. तूच जिंकलास. एक नाहीत. मी एकच प्रश्न घेऊन गेलो, प्रत्येकानं वेगळ्या दिशेला तोंड करून उत्तर दिलं. कुणी देवाकडं, कुणी स्वतःकडं, कुणी नदीकडं, कुणी माणसांकडं. तीस वर्षांचं भांडण मी हरलो, आणि हरलो हे सांगायला ट्रकमध्ये शेजारी कुणी नाही.

पाळकसाहेबांना भेटलो. ते म्हणाले, देवापुढं दान ठेवण्याआधी जाऊन भावाशी समेट करायचा, अशी प्रभूची आज्ञा आहे. म्हटलं, भाऊ राहिला नाही. तेव्हा मौलाना म्हणाले तेच ते म्हणाले, की ज्यांच्यासमोर झालं त्यांना सांगा. इथं दोघांचं जुळलं. तुझ्या वहीत हे असतं तर तू त्याखाली रेघ मारली असतीस.

रविवारी भक्ती संपल्यावर चर्चच्या आवारात त्यांनी मला माइक दिला. तीच कॉलनी, तीच माणसं. मी म्हटलं, “बंधुभगिनींनो, टीचरबाईंच्या मयताला खुर्च्या उलट्या लागल्या होत्या, ती चूक बबनची नव्हती.” पुढच्या ओळीत कुणीतरी खुदकन हसलं. मी म्हटलं, “हसू नका, मी त्याला फोनवर थाप मारली होती.” आवार हसलं. नाताळला मी त्यांना तीन तास हसवतो ना! मी पाबळ सांगितलं, स्पीकर सांगितला, मठ्ठा सांगितला. मठ्ठ्याला तर टाळ्या पडल्या. मी जितका कळवळलो तितके ते हसले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा एक मावशी डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, “काय ॲक्टिंग करतंय मेलं!”

आयुष्यात पहिल्यांदा माइकवर खरं बोललो, बबन. कुणाला पटलं नाही. दोनशे माणसं समोर तोंड करून बसली होती, आणि मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या.

फक्त टीचरबाईंचा मुलगा हसला नाही. फाटकापाशी थांबला होता. म्हणाला, “ते दुसऱ्या दिवशी घरी आले होते.”

“कोण?”

“बबनभाऊ. आईच्या फोटोपुढं उभे राहिले. मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे सांगितलं कुणी? म्हणाले, कुणी नाही, मीच माझ्या मनानं ठरवलं, मला क्षमा करा. मग आम्ही दोघांनी प्रार्थना केली. मी मनापासून केली त्यांना क्षमा.”

तीस वर्षांत तू एक थाप मारलीस, आणि ती माझ्यासाठी. माझ्या वाट्याची माफी तू मागून घेतलीस आणि बरोबर घेऊन गेलास. आता मी कुणाकडं हात पसरू? हे उपकार म्हणू की सूड? कधी वाटतं, तुझे पाय धरावेत. कधी वाटतं, तुझी गचांडी धरून हलवावं, की अरे बाबा, ओरडायचंस ना! डॅशबोर्ड फोडायचास! मी काय मागत होतो? एक थाप मागत होतो.

शेवटी परवा तुझ्या घरी गेलो. तुझी कल्याणी रांजणगावच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून नुकतीच आली होती, गळ्यात आयकार्ड तसंच. तिकडं ती क्वालिटीला आहे, हे तू सगळ्या मंडपांत मिरवायचास. पोरीचा आवाज तुझ्यासारखाच, वर चढत नाही, खाली उतरत नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोन, स्पीकर, सहा माणसं. “हॅलो, चेक.” काही फुगवलं नाही, काही गाळलं नाही. ती रडेल, मला हाकलून देईल, काहीही करेल म्हणून भिंतीला हात टेकून थांबलो होतो.

तिनं विचारलं, “कुठलं पान?”

“ख्रिश्चन. मयत.”

तिनं कपाटातून वही काढली. पानं उलटली. तुझं ते घोटीव अक्षर मला उलट्या बाजूनंसुद्धा वाचता आलं. “खुर्च्यांची पाठ पेटीकडं. मयताला लोकांच्या डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून. (विलास)” त्यावर पट्टी धरून मारलेली एक सरळ रेघ. खाली वेगळ्या शाईत दोन ओळी. कल्याणीनं त्या कंपनीतला रिपोर्ट वाचावा तशा वाचल्या.

“‘विचारून घेतलं. अशी रीत नाही. पाबळच्या लग्नातला एक जण भेटला, त्यानं फोनचं सांगितलं.’”

म्हणजे तुला स्पीकरसुद्धा माहीत होता. पाच महिने शेजारी बसून, माहीत होता.

म्हटलं, “बाळा, पुढं बघ. मला माफ केलं का नाही, ते असंल बघ पुढं.”

तिनं पान उलटलं. मागची बाजू बघितली. पुढची दोन पानं बघितली, पुठ्ठ्याची आतली बाजूही बघितली. मग वही मिटली.

“ते न्हाई लिहिलेलं, काका.”